घरच्या यंत्राची मजुरी

खाण म्हटली की कुदळ, फावडे आणि घामाने निथळणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्या खाणीविषयी बोलणार आहोत तिच्यात यांतले काहीच नाही. संगणकाने एकामागून एक आकडे घालून पाहावयाचे आणि अटीत बसणारा आकडा ज्याला प्रथम सापडेल त्याने नवी नाणी घ्यावयाची, एवढाच तो व्यवहार. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ठोकळा तयार झाला. तेव्हा दर ठोकळ्यामागे ५० नाणी मिळत आणि घरचा साधा संगणक या कामास पुरे होई. पुढे ग्राफिक्स कार्डे आली. २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेली यंत्रे आली, आणि बिटकॉइनच्या खाणीतून घरचा संगणक हद्दपार झाला.

इतर नाण्यांच्या खाणी मात्र त्याला मोकळ्या होत्या. पण आज कोणते नाणे किफायतीचे, हे सामान्य माणसाला कसे उमगावे? ही अडचण हेरून २०१४ साली स्लोव्हेनियात नाइसहॅश नावाची पेढी निघाली. तिने बाजार भरविला. एका बाजूस गणनशक्ती भाड्याने घेणारे, दुसऱ्या बाजूस ती विकणारे गृहस्थ. विकणाऱ्याने पेढीचा प्रोग्राम आपल्या संगणकावर चढवावा. ज्या कामाला त्या घटकेस भाव अधिक, ते काम प्रोग्रामने निवडावे. मजुरी मात्र बिटकॉइनमध्ये मिळावी. आपण कोणाचे दळण दळीत आहोत, हे दळणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते! आपल्याकडे घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांची येथे आठवण होते. पण त्यांना पाने आणि तंबाखू निदान कारखानदाराकडून मिळतात. येथे यंत्रही मजुराचे आणि विजेचे बिलही मजुराचेच.

शिवाय ही मजुरी लगोलग हाती पडत नसे. ठरावीक रक्कम साचेपर्यंत ती पुष्कळांच्या बाबतीत पेढीच्याच तिजोरीत राही. ६ डिसेंबर २०१७ रोजी ती तिजोरी फुटली. एका नोकराच्या संगणकातून चोर आत शिरले आणि सुमारे ४,७०० बिटकॉइन घेऊन गेले. त्या दिवसांच्या भावाने ही रक्कम सहा कोटी डॉलरांच्या वर जाते. तीत लक्षाधीशांचे धन थोडे. रात्रभर पंखा घरघरत ठेवून मिळविलेली चिल्लर फार. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने उत्तर कोरियाच्या तिघांवरील आरोपपत्र प्रसिद्ध केले. त्यात डिसेंबर २०१७ मधील एका स्लोव्हेनियन कंपनीच्या लुटीचा उल्लेख आहे.

दिवाळे वाजवून मोकळे होणे पेढीला सोपे होते. तिने तसे केले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. दोन आठवड्यांत बाजार पुन्हा उघडला आणि हप्त्याहप्त्याने देणे फेडण्यास सुरुवात झाली. ती फेड डिसेंबर २०२० मध्ये पुरी झाली. तीन वर्षे थांबावे लागले ते मजुरांनाच. त्यांना कोणी विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

या मजुरीला खरा धक्का चोरांनी दिला नाही. घरच्या ग्राफिक्स कार्डांचे सर्वांत मोठे काम इथेरियम या नाण्याचे होते. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने खाणकामाची पद्धतच सोडून दिली. त्या दिवसापासून प्रोग्राम कामे निवडीत राहिला, पण पुष्कळ घरांत मिळकतीपेक्षा विजेचे बिल अधिक येऊ लागले, आणि कार्डे जुन्या बाजारात विक्रीला निघाली.