समुद्र न पाहिलेल्या मुलांचे निबंध

आम्ही सातवीत असताना गुरुजींनी एकदा फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला, ‘समुद्रकिनाऱ्यावरील एक संध्याकाळ’. वर्गातल्या एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. आमच्या लेखी सगळ्यात मोठे पाणी म्हणजे पूर्णा नदीवरचे सिद्धेश्वर धरण. तरीही दुसऱ्या दिवशी चाळीस वह्यांमध्ये चाळीस सूर्य बुडाले, लाटा फेसाळल्या आणि शंख-शिंपले वेचले गेले. सगळे एकाच गाईडातून! मला दहापैकी सात गुण मिळाले. त्याचा आनंद झाला होता, हेही कबूल करायला हवे.

शाळेतल्या निबंधांचे विषय आठवून पाहा. गाय, माझी आई, पावसाळ्यातील एक दिवस, मी पंतप्रधान झालो तर, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, विज्ञान : शाप की वरदान. गोठ्यापासून अणुबाँबपर्यंत सारे जग त्यात येते. इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या विषयांवर माणूस पुढे आयुष्यात कधी लिहीत नाही. पण या एवढ्या मोठ्या यादीत लिहिणाऱ्या मुलाचे स्वतःचे जगणे किती असते?

मराठीत निबंध म्हटले की विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि १८७४ साली सुरू झालेली त्यांची ‘निबंधमाला’ आठवते. विद्यार्थ्यांचा निबंध मात्र त्याहून जुना आहे. मुंबईत १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी आपली एक सभा काढली. दादाभाई नौरोजी त्या मंडळींत होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. तिथे तरुण मुले निबंध लिहून आणत, वाचत आणि त्यावर वाद घालत. स्त्रीशिक्षणावरचा निबंध असाच वाचला गेला. चर्चेवर गोष्ट थांबली नाही. १८४९ मध्ये या विद्यार्थ्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि तिथे स्वतः विनावेतन शिकवले. निबंधाचे असेही होऊ शकते.

त्यानंतर सहा वर्षांनी पुण्यात जे घडले, ते मला अधिक मोलाचे वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता नावाची मांग समाजातली एक मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. तिने ‘मांग-महारांच्या दुःखाविषयी’ निबंध लिहिला. ‘ज्ञानोदय’ पत्राने तो १८५५ मध्ये, १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, दोन भागांत छापला. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल या मुलीने पंडितांना केला. मोठ्या इमारतींच्या पायात आपल्या लोकांना पुरल्याच्या आठवणी तिने नोंदवल्या. आपल्या बाया उघड्यावर बाळंत होतात तेव्हा त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिले. आणि शेवटी आपल्याच जातभाईंना शिकायला सांगितले. शाळकरी मुलीच्या हातून बाळंतिणीचे दुःख निबंधात यावे, हे १८५५ साली कुणाच्या स्वप्नातही नसेल. ते गाईडातून येत नाही. मुक्ताने ते घरात आणि वस्तीत पाहिले होते. विषय तिचा होता, म्हणून भाषाही तिची झाली.

हे सारे इंग्रजी मुलखात चालले होते. आपला भाग निजामाच्या राज्यात. हिंगोली तेव्हा हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी म्हणून ओळखली जाई. पुढे राज्यकारभाराची भाषा उर्दू झाली आणि वरच्या वर्गांतले शिक्षणही उर्दूतून. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दूच होते. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे ते मोठे धाडस होते, यात शंका नाही. पण मराठवाड्यातल्या बहुतेक मुलांच्या घरची भाषा ती नव्हती. मूल घरी मराठीत भांडायचे, रडायचे, स्वप्ने पाहायचे आणि शाळेत जाऊन विचार उर्दूत मांडायचे. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली, पुढे अंबाजोगाईची शाळा आली. स्वामी रामानंद तीर्थांनी दोन्हीकडे शिकवले. अशा शाळांचे महत्त्व केवळ देशभक्तीपुरते नव्हते. तिथे मुलाला स्वतःच्या भाषेत काही म्हणता येत होते.

याच काळात आपल्या जिल्ह्यातला एक मुलगा वाढत होता. नरहर कुरुंदकर. जन्म १९३२, कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचा. घराणे वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचे. त्यांचे शाळकरी वय निजामी राजवटीतच गेले. पुढे इंटरच्या परीक्षेत ते वारंवार नापास झाले. पण लिहिले कशावर, ते पाहा. नाट्यशास्त्र, मनुस्मृती, शिवाजी महाराज, मराठी कादंबरी, हैदराबादचा मुक्तिसंग्राम. परीक्षेने नापास ठरवलेल्या माणसाने विषयांची सगळी यादीच पालथी घातली! नांदेडला ते आधी शाळामास्तर होते आणि नंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामी राजवटीतून मुक्त झाला. मराठी शाळा गावोगाव पोचल्या. भाषा आपली झाली, विषय मात्र बाहेरून येत राहिले. समुद्र, आगगाडीतला प्रवास, आमची सहल. परीक्षेच्या सोयीसाठी निबंधाचे साचे झाले, साच्यांची गाईडे झाली. दहावीला आता २०१८-१९ पासून कृतिपत्रिका आली आहे. प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन यांतून मुलाने एक निवडायचे. निवड आहे, हे चांगलेच. पण आत्मकथन अजूनही बहुधा झाडाचे, नदीचे नाहीतर खुर्चीचे असते. मुलाचे नसते.

आणि मुलांकडे सांगण्यासारखे काय कमी आहे? वसमतकडच्या मुलाला हळद कशी शिजवतात, वाळवतात, ढोलात घालून तिला चकाकी कशी आणतात, हे तोंडपाठ असते. सेनगाव-औंढ्याकडच्या कितीतरी मुलांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मूल आजीपाशी राहते. हिंगोलीचा दसरा आहे, नर्सीला नामदेवांची यात्रा आहे. यातले वहीत फार थोडे उतरते. दोष गुरुजींचा म्हणावा तर त्यांनाही तेच गुण द्यायचे असतात आणि तोच तक्ता भरायचा असतो.

मध्यंतरी एका निबंध स्पर्धेसाठी परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय ‘मी अनुभवलेला एक प्रसंग’. बहुतेकांनी अपघात लिहिला होता, तोच तो, ट्रकचा. एका मुलीने १० जुलै २०२४ ची सकाळ लिहिली होती. त्या दिवशी सातच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात ४.५ रिश्टरचा भूकंप झाला. आई भाकरी थापत होती, फळीवरची भांडी खाली आली, आजी आधी शेळी सोडायला धावली. आमच्या गावात जमिनीतून आवाज येतोच, म्हणून पहिल्यांदा कुणी उठलेच नाही, असे तिने लिहिले होते. निबंध पाऊण पानाचा होता आणि शब्दमर्यादेत बसत नव्हता. त्याला कितवा क्रमांक द्यायचा, यावर आम्हा तिघा परीक्षकांचा अर्धा तास वाद चालला.