अठरा इंचांचे हरीण, तीस इंचांचा माणूस

जुन्या वस्तूंचा इतिहास लिहिताना त्या कोणी आणि केव्हा बनवल्या एवढे सांगून आपण बहुधा थांबतो. वस्तूने जगाविषयी काय गृहीत धरले होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. विसाव्या शतकाच्या साठच्या दशकात अमेरिकेत प्रचारात आलेल्या, अंतर मोजणाऱ्या रायफल-दुर्बिणी या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. अशी दुर्बीण आज कोणाच्या हाती आली आणि ती जुळवून घ्यायची म्हटले, तर पहिली अडचण स्क्रूची किंवा भिंगाची नसते. या यंत्राने लक्ष्य केवढे मानले आहे, हे आधी शोधावे लागते.

अंतर मोजण्याची गरज का पडते? बंदुकीची गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीबाहेर पडल्या क्षणापासून ती खाली येऊ लागते आणि अंतर वाढते त्याहून अधिक वेगाने हा झुकाव वाढतो. म्हणून २०० यार्डांवर जुळवलेला नेम ५०० यार्डांवर उपयोगाचा नसतो. अंतर ओळखण्याची युक्ती मात्र बंदुकीच्या जगातली नव्हे. जेम्स वॉटने १७७१च्या सुमारास कालव्यांच्या मोजणीसाठी दुर्बिणीत दोन समांतर रेषा बसवून ती वापरली होती. ठरावीक लांबीची पट्टी जितकी दूर, तितकी ती त्या रेषांमध्ये लहान दिसते. शाळेत शिकलेल्या समरूप त्रिकोणांचेच हे गणित. मोजणीदाराचा सहकारी ती पट्टी हातात धरून दूर उभा राहत असे. शिकाऱ्यासाठी पट्टी धरायला कोणी नसते. तेव्हा लक्ष्यालाच पट्टी मानणे भाग पडते.

डेन्व्हरच्या रेडफिल्ड कंपनीची ‘अ‍ॅक्यू-रेंज’ ही दुर्बीण याच तत्त्वावर चाले. तिच्यात दोन आडव्या तारा दिसत. मोठेपणा ३ पटींपासून ९ पटींपर्यंत बदलणारे कडे फिरवले की प्रतिमा मोठी होई, तारांमधले अंतर मात्र तेवढेच राही. हरणाची पाठ वरच्या तारेला आणि छातीचा खालचा भाग खालच्या तारेला टेकेपर्यंत कडे फिरवायचे आणि मग दृष्टिक्षेत्रातच दिसणाऱ्या पट्टीवर अंतर वाचायचे. दोन तारांमधले माप १८ इंच धरलेले होते. हरीण प्रत्यक्षात १५ इंचांचे असेल, तर ३०० यार्डांवरचे ते जनावर दुर्बीण ३६० यार्डांवर आहे असे सांगणार. यंत्र बिघडलेले नसते. समोरचे हरीण त्याच्या कल्पनेतले नसते, इतकेच.

म्हणून जुळवणीची सुरुवात हरणापासून नव्हे, फळीपासून करावी. नेम एका निश्चित अंतरावर पक्का करून घ्यावा. मग बरोबर १८ इंच उंचीची फळी टेपने मोजलेल्या ३०० यार्डांवर उभी करून ती दोन तारांमध्ये बसवावी आणि आकडा वाचावा. तो ३०० आला तर उत्तम. ३३० आला, तर वर्षानुवर्षांच्या वापरात कडे वा पट्टी सरकली असण्याचा संभव आहे. या अंतरापुरते यंत्राचे हरीण आता १९.८ इंचांचे झाले आहे. हीच तपासणी आणखी दोन-तीन अंतरांवर करून खऱ्या आणि वाचलेल्या अंतरांचा तक्ता करून ठेवणे, हे दुर्बीण खोलण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे. डेन्व्हरचा तो कारखाना १९९८ साली बंद झाला; तेव्हा अशा दुर्बिणीचा अर्थ बहुधा तिच्यावरूनच लावावा लागतो.

इथवर विषय शिकारीचा होता. १९६६ साली अमेरिकी मरीन दलाने ‘एम-४०’ रायफलीवर हीच दुर्बीण बसवून ती व्हिएतनामला नेली. हरणासाठी आखलेल्या तारांमध्ये आता माणूस दिसू लागला. सैन्यातील अधिकारी जेम्स लेदरवुड याने पुढची पायरी गाठली. त्याच्या दुर्बिणीत माप होते ३० इंच: उभ्या माणसाच्या कमरपट्ट्यापासून डोक्यापर्यंतचे. कड्याला त्याने कॅम, म्हणजे कडेने उंची बदलत जाणारी चकती जोडली. कडे फिरवून माणूस तारांमध्ये बसवला की त्याच हालचालीने दुर्बिणीचा कल बदले आणि नेम आपोआप त्या अंतराला जुळे. आकडा वाचण्याचीही गरज उरली नाही. १९६९ साली ‘एक्सएम-२१’ रायफलीबरोबर ही रचना व्हिएतनामच्या युद्धात उतरली.

या रचनेतली एक गोष्ट विचार करायला लावते. ३०० मीटरसाठी मोठेपणा ३ पट, ९०० मीटरसाठी ९ पट. म्हणजे माणूस जवळ असो वा दूर, तारांमध्ये बसल्यावर तो नेहमी एकाच आकाराचा दिसणार, जणू १०० मीटरवर उभा असल्यासारखा. दूरच्या माणसाचे लहान दिसणे, हे दूरपणाचे जे एक चिन्ह आपल्या डोळ्यांना जन्मभर ठाऊक असते, तेच इथे पुसले गेले. पण या सोयीत दोन अटी होत्या. चकतीचा आकार एका विशिष्ट काडतुसाच्या मार्गाप्रमाणे घडवलेला होता. काडतूस बदलले की तिचे गणित चुके. दुसरी अट माणसाची: तो उभा, ताठ आणि ३० इंचांचा असावा. २७ इंचांचा माणूस ४५० मीटरवर असला तर यंत्राच्या लेखी तो ५०० मीटरवर असे आणि गोळी वरून जाई. वाकलेला, बसलेला, अंगाने लहान माणूस या मापात नव्हताच.

पुढे लेसर-किरणांनी अंतर मोजणारी साधने आली आणि लक्ष्याचा आकार गृहीत धरण्याची गरज संपली. त्यामुळे ही जुनी गृहीतके दिसेनाशी झाली; जुनी दुर्बीण मात्र ती अजून बाळगून आहे. साहित्याच्या अभ्यासकाला हे काम अपरिचित वाटू नये. ज्या संहितेबरोबर टीका वा टिप्पणी उरलेली नाही, तिच्यात कोणता माणूस गृहीत धरला आहे, हे आपण शब्दांवरून शोधतो. इथे तो दोन तारांमधल्या रिकाम्या जागेवरून शोधायचा. त्या जागेला १८ म्हणायचे की ३०, हे ठरल्याशिवाय स्क्रूला हात लावून उपयोग नाही. आणि ते ठरवताना तिथे कोण उभे केले गेले होते, हेही वाचकाला कळते.