लसूणघासाची पृथ्वीप्रदक्षिणा

मोहिमांच्या वर्णनात इतिहासकार सेनापतींची नावे नोंदवितो, तोफा मोजतो. परंतु घोड्यांना काय घातले, हे क्वचितच सांगतो. वस्तुतः चाऱ्यावाचून कोणतीही फौज एक मजलही पुढे सरकत नसे. अशाच एका चाऱ्याच्या पिकाने अडीच हजार वर्षांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. महाराष्ट्रात त्याला लसूणघास म्हणतात, उत्तर भारतात रिजका आणि अमेरिकेत अल्फाल्फा. नावात घास असला तरी ते गवत नव्हे. ती मेथीच्या कुळातील वनस्पती आहे.

हे पीक ग्रीसमध्ये आले ते सम्राट दारयवहूच्या इराणी स्वाऱ्यांबरोबर, असे रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो. पूर्वेकडेही घोडाच त्याचा वाटाड्या झाला. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस चीनचा सम्राट वू याला फरगाण्याचे उमदे घोडे हवे होते. त्याच्या दूतांनी तिकडून या पिकाचे बीही आणले आणि ते राजवाड्याच्या आसपास पेरले गेले.

सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते दक्षिण अमेरिकेत नेले. सुमारे १८५० साली, सोन्याच्या शोधाची धामधूम चालू असता, ते चिलीहून कॅलिफोर्नियात पोहोचले. परंतु उत्तर अमेरिकेच्या हिमाळ प्रदेशात त्याला रुजविले ते एका सामान्य शेतकऱ्याने. वेंडेलिन ग्रिम हा १८५७ साली जर्मनीतून मिनेसोटात आला, तो थोडे बी बरोबर घेऊनच. दर हिवाळ्यात बरीच रोपे गारठून मरत. जी तगत, त्यांचेच बी तो पुन्हा पेरी. वर्षानुवर्षांच्या या चिकाटीतून थंडीला दाद न देणारा वाण तयार झाला.

विसाव्या शतकात ट्रॅक्टर आला, घोडा मागे पडला. पीक मात्र दुभत्या गाईंसाठी टिकले. मुळांवरील गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने ते जमिनीला नत्र देते, हा त्याचा गुण. वरचेवर कापणी हवी तर भरपूर पाणी लागते, ही त्याची अडचण.

सौदी अरेबियाला ती अडचण प्रकर्षाने जाणवली. वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेले पाणी उपसून तेथे चारा पिकविला जाई. ते पाणी पुन्हा भरून येणारे नव्हते. म्हणून २०१५ साली तेथील सरकारने हिरव्या चाऱ्याची लागवड टप्प्याटप्प्याने थांबविण्याचे ठरविले. तोवर तेथील दुग्धव्यवसायाने अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात जमिनी घेतल्या होत्या. तेथे पिकलेला चारा जहाजांतून सौदी गाईंकडे जाऊ लागला. ॲरिझोनातील विहिरींची पातळी खालावत असताना हे चालावे काय, असा प्रश्न तेथील लोकांनी विचारला. २०२३ साली त्या राज्याने सरकारी जमिनींवरील असे भाडेपट्टे संपुष्टात आणण्याचे जाहीर केले.

एके काळी हे पीक घोड्यांच्या मागून गेले. आज ते पाण्याच्या शोधात फिरत आहे. वाळलेल्या चाऱ्याचा भारा हाताला हलका लागतो. पण ज्या विहिरीवर तो पिकला, तिच्या तळाशी पाहिले म्हणजे त्याचे खरे वजन कळते. दख्खनच्या पठारावर, उन्हाळ्यात विहिरीच्या भरवशावर लसूणघास राखणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावयास नको.