घोडामाशाचा खाद्यपालट

खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या आणि फक्त हलते भक्ष्य खाणाऱ्या माशाला गोठवलेले किंवा कृत्रिम खाद्य घेण्याची सवय लावणे, या क्रियेला खाद्यपालट म्हणतात. तान्ह्या मुलाचे दूध तोडून त्याला वरच्या अन्नाची सवय लावावी, तसेच हे काम आहे. ते एका दिवसात होत नाही आणि उपाशी ठेवूनही साधत नाही. खाण्याच्या बाबतीत हट्टी समजल्या जाणाऱ्या सागरी माशांत घोडामासा (समुद्रघोडा) अग्रभागी आहे. त्याच्या खाद्यपालटाचा पद्धतशीर अभ्यास ज्या देशांत झाला, त्यांत न्यूझीलंडचे स्थान महत्त्वाचे आहे. तेथील मोठ्या पोटाचा घोडामासा (हिप्पोकॅम्पस ॲब्डॉमिनॅलिस) ही जाती या नोंदीचा मुख्य विषय आहे.

जाती व वास्तव्य : या जातीचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रने प्रिमव्हेर लेसाँ यांनी १८२७ मध्ये केले. ‘कोकीय’ या फ्रेंच जहाजाच्या जगप्रदक्षिणेत ते होते. १८२४ मध्ये हे जहाज न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये नांगरून होते. ॲब्डॉमिनॅलिस म्हणजे पोटाचा. नराची पिशवी आणि पुढे आलेले पोट यांवरून हे नाव पडले. माओरी भाषेत त्याला मानाइया असे नाव आहे. किओरे मोआना म्हणजे ‘समुद्रातला उंदीर’ असेही म्हणतात. लांबी ३५ सेंमी. पर्यंत भरते, त्यामुळे जगातील सर्वांत मोठ्या घोडामाशांत त्याची गणना होते. न्यूझीलंड आणि आग्नेय ऑस्ट्रेलियाच्या थंड, उथळ किनारी पाण्यात, शैवाल, समुद्रगवत, स्पंज व धक्क्यांच्या खांबांना शेपटीचा विळखा घालून तो राहतो. वेलिंग्टन बंदरातही तो आढळतो. पाणी थंड लागत असल्यामुळे उष्ण प्रदेशात तो पाळायचा तर टाकीला शीतकयंत्र जोडावेच लागते.

हट्टाचे मूळ : घोडामाशाला जठर नाही आणि दातही नाहीत. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य आत ओढतो. भक्ष्य टप्प्यात येईपर्यंत तो निश्चल राहतो. मग डोके झटक्यात वर उचलले जाते, तोंडातील पोकळी फुगते आणि पाण्याच्या लोटाबरोबर भक्ष्य आत जाते. सगळा प्रकार काही मिलिसेकंदांत आटोपतो. शांत खोलीत टाकीजवळ कान लावला तर त्या वेळी होणारा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. जठर नसल्याने अन्न साठवून ठेवता येत नाही, म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते. तो पाठलाग करून शिकार करणारा नसून टपून बसणारा आहे. दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात आणि भक्ष्य कोणते, हे मुख्यतः डोळेच ठरवतात. तळाला पडलेला, न हलणारा तुकडा त्याच्या लेखी अन्नच नसतो. बाहेरून दिसणारा हट्ट हा खरे तर शरीररचनेचा आणि शिकारीच्या रीतीचा परिणाम आहे.

नैसर्गिक आहार : वेलिंग्टन बंदरातील घोडामाशांच्या आहाराचा अभ्यास ख्रिस वुड्स यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुख्य भाग लहान कवचधारी प्राण्यांचा, म्हणजे ॲम्फिपॉड, छोट्या कोळंब्या आणि मायसिड यांचा आढळला. मायसिड दिसायला आपल्या बाजारातील जवळ्यासारखा, पण त्याहून लहान असतो. पुढील पर्यायी खाद्यांची दिशा या यादीतूनच मिळाली. ज्याला जन्मभर जवळ्यासारखे काही खायची सवय आहे, त्याला कोरड्या खाद्याची गोळी द्यायची तर मधली पायरी जवळ्यासारखीच हवी.

जिवंत खाद्य व त्याच्या अडचणी : मत्स्यालयात सर्वांत सोयीचे जिवंत खाद्य म्हणजे आर्टेमिया. हा मिठागरांत व खाऱ्या तळ्यांत राहणारा कवचधारी आहे. न्यूझीलंडमध्ये दक्षिण बेटाच्या मार्लबरो भागातील लेक ग्रासमियर येथील मिठागरात तो आढळतो. उन्हाळ्यात तेथील वाफे गुलाबी दिसतात. उरण-वसईची मिठागरे पाहिलेल्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. आर्टेमियाची वाळलेली अंडी वर्षानुवर्षे टिकतात आणि सुमारे २५ ते २८ अंश से. तापमानाच्या खाऱ्या पाण्यात, भरपूर हवा व उजेड दिल्यास, सुमारे एका दिवसात फुटतात. बाहेर पडणारे पिलू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते.

यात दोन अडचणी आहेत. पहिली पोषणाची. आर्टेमियाच्या पिलात घोडामाशाला लागणारी काही दीर्घ साखळीची मेदाम्ले पुरेशी नसतात, आणि पिलू जसजसे अंगचा बलक वापरते, तसतसा त्याचा पोषणाचा कस कमी होतो. म्हणून दुसऱ्या अवस्थेत त्याचे तोंड उघडले की त्याला मेदाम्लयुक्त पायस किंवा शैवाल खाऊ घालतात आणि मग ते माशाला देतात. याला समृद्धीकरण म्हणतात. दुसरी अडचण मेहनत व खर्चाची. रोज अंडी फोडणे, पिले गाळणे, समृद्ध करणे, मोठे करणे हे काम एका टाकीपुरते जमते. शेकडो पिलांच्या संवर्धनकेंद्रात तेच मोठ्या खर्चाचे आणि अडचणीचे ठरते. खाद्यपालटाचा प्रश्न शौकिनांच्या सोयीपुरता राहिला नाही, तो संवर्धनाच्या अर्थकारणाचा झाला, तो या दुसऱ्या अडचणीमुळे.

न्यूझीलंडमधील संशोधन : १९९२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय जल व वायुमंडल संशोधन संस्थेच्या (निवा) वेलिंग्टन येथील महांगा बे मत्स्यसंवर्धन केंद्रात या जातीवर काम झाले. वुड्स यांनी २००० मध्ये बंदिवासातील प्रजनन व पिलांच्या संगोपनाची प्राथमिक निरीक्षणे प्रसिद्ध केली. २००३ मध्ये त्यांचे दोन महत्त्वाचे अभ्यास आले : एकात पिलांवर जिवंत, गोठवलेले व कृत्रिम खाद्य यांचा वाढीवर आणि जगण्यावर होणारा परिणाम तपासला होता, दुसऱ्यात आर्टेमियाचे वेगवेगळे समृद्धीकरण. याच वर्षी त्यांनी सहकारी व्हॅलेंटिनो यांच्याबरोबर गोठवलेले मायसिड जिवंत आर्टेमियाला पर्याय म्हणून तपासले. या कामाने खाद्यपालटाचा प्रश्न ‘जमेल का’ यावरून ‘कोणत्या वयात, कोणत्या खाद्यावर’ येथे आणला.

या जातीला निसर्गाने एक सोय दिली आहे. नर पिशवीत अंडी उबवतो आणि एका वेळी शेकडो पिले जन्मतात. नवजात पिलू सुमारे दीड सेंमी. लांबीचे, म्हणजे घोडामाशांत मोठे असते. त्यामुळे पहिल्याच दिवसापासून ते आर्टेमियाची पिले खाऊ शकते. मात्र या वयात एक वेगळा धोका असतो. आर्टेमिया उजेडाकडे धावते. वरून प्रकाश असेल तर ती पृष्ठभागाशी जमते आणि तिच्यामागे आलेली पिले हवाही गिळतात. मग ती पाण्यावर तरंगत राहतात व दगावतात. यासाठी प्रकाशाची दिशा व टाकीचा रंग यांचा विचार करावा लागतो. नवजात पिलांना मृत खाद्याचा आग्रह धरू नये. पालटाची सुरुवात वय वाढल्यावर व गोठवलेल्या खाद्यापासून करावी.

पद्धत : खाद्यपालटाचे सूत्र असे सांगता येईल : मेलेले अन्न हलते आहे, असे माशाला वाटले पाहिजे. पुढील सगळ्या पायऱ्या त्या एका सूत्रातून निघतात.

(१) मासा नव्या टाकीत स्थिरावून जिवंत खाद्य नियमित खाऊ लागेपर्यंत काहीही बदलू नये. टाकी आणि खाद्य एकदम बदलले तर मासा कशाला घाबरून खात नाही, हे कळत नाही.

(२) खाण्याची जागा आणि वेळ ठरवावी. एखादा पसरट शिंपला किंवा काचेची उथळ वाटी टाकीच्या ठरलेल्या कोपऱ्यात ठेवून रोज त्याच वेळी खाद्य तिथेच द्यावे. काही दिवसांत मासे वाटीजवळ येऊन थांबू लागतात. खाद्य देताना पंप काही वेळ बंद ठेवावा, म्हणजे ते वाहून जात नाही.

(३) गोठवलेले मायसिड टाकीच्या थोड्या पाण्यात वितळवून जाळीत धुवावे. वितळलेल्या पाण्यातील रस टाकीत गेला तर पाणी बिघडते. मायसिड अखंड असावा. डोळे व पाय असलेला कण घोडामासा ओळखतो, लगदा झालेला तुकडा बहुधा नाकारतो. अनेक शौकीन वापरतात तो मायसिड कॅनडाच्या ओकनागन सरोवरातून येतो.

(४) पहिल्या दिवसांत जिवंत खाद्य जास्त आणि गोठवलेले थोडे, असे मिसळून द्यावे. जिवंत आर्टेमियाच्या धडपडीने शेजारचे मेलेले मायसिडही हलतात आणि मासा एखादा चुकून उचलतो. तो उचलून थुंकला तरी ती प्रगतीच. तोंडाची दिशा बरोबर लागली आहे. मग प्रमाण हळूहळू उलटे करावे.

(५) जो मासा अजून उचलत नाही, त्याच्यासाठी लांब नळीचा ड्रॉपर घ्यावा. एक मायसिड नळीच्या टोकाशी धरून हलक्या दाबाने माशाच्या तोंडापासून थोड्या अंतरावरून तरंगत सोडावा. थेट नाकावर सोडला तर मासा मागे सरतो. डोळा वळला, मान वाकली, ‘टक्’ झाले, की तो दिवस सार्थकी लागला.

(६) आधीच शिकलेला मासा शेजारी ठेवणे उपयोगी पडते, असा पालकांचा अनुभव आहे. दुसरा खाताना दिसला की नवखाही पुढे येतो.

(७) उरलेले खाद्य अर्ध्या तासात काढावे. प्रौढांना दिवसातून दोन-तीनदा, पिलांना त्याहून अधिक वेळा द्यावे. किती मायसिड गेले, हे रोज मोजून लिहावे. नुसत्या नजरेने ‘खातोय’ असे वाटते आणि मासा वाळत जातो.

धोके : भूक लागली की खाईल, हा सर्वसाधारण समज घोडामाशाच्या बाबतीत घातक ठरतो. त्याच्याकडे साठा नसल्याने काही दिवसांच्या उपासाने पोट आत जाते, अंगावरील कड्या उठून दिसतात. हे दिसताच पालट थांबवून पुन्हा जिवंत खाद्यावर यावे. दुसरी चूक म्हणजे मायसिड घेऊ लागताच लगेच गोळीवर जाणे. गोठवलेल्या खाद्यावर वाढ टिकते आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढची पायरी घेऊ नये. बहुतेक पालक कोरड्या खाद्यापर्यंत जात नाहीत आणि जाण्याची गरजही नसते. तिसरी चूक समृद्धीकरण सोडण्याची : गोठवलेल्या खाद्याला जीवनसत्त्वे व मेदाम्ले लावून देणे चालू ठेवावे.

इतर मासे : हेच सूत्र इतर हट्टी माशांना लागू होते, त्यांची चावी मात्र वेगळी असते. लांब चोचीचा कॉपरबँड (चेलमोन रोस्ट्राटस) खडकाच्या फटींतून किडे वेचतो. त्याला न्यूझीलंडची हिरव्या कडेची शिंपली (पर्ना कॅनालिक्युलस) एका बाजूने उघडून दिली की तो चोच मारू लागतो. ही शिंपली कोकण-गोव्यातील शिनाण्यांची नातलग आहे. मात्र माशाला फक्त तिच्यावरच ठेवू नये. काही शिंपल्यांत थायामिनेज हे विकर असते आणि त्यामुळे ब१ जीवनसत्त्व कमी पडते. मँडरिन मासा (सिंकिरोपस स्प्लेन्डिडस) दिवसभर कोपेपॉड हे बारीक कवचधारी टिपतो, म्हणून त्याला वाटीपेक्षा जुन्या, कोपेपॉडांनी भरलेल्या टाकीची गरज अधिक असते. सिंहमासा (टेरोइस) जिवंत मासळीला चटावतो. त्याला काडीच्या टोकाला खाद्य लावून हलवावे लागते.

आयात व कायदा : न्यूझीलंडची जैवसुरक्षा कडक आहे. शोभिवंत सागरी मासे तेथे मान्य यादीतीलच आणि विलगीकरणाच्या अटींवर येतात, त्यामुळे एक मासा खाद्यपालटात गमावणे पालकाला महाग पडते. औषधी व शोभिवंत व्यापारासाठी होणाऱ्या पकडीमुळे हिप्पोकॅम्पस प्रजातीच्या सर्व जाती वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेण्याचा निर्णय २००२ मध्ये झाला; तो १५ मे २००४ पासून अंमलात आला. समुद्रातून पकडलेल्याऐवजी संवर्धित घोडामासा घेण्याचा सल्ला दिला जातो, त्यामागे संरक्षणाबरोबर व्यवहारही आहे : केंद्रात वाढलेल्या पिलाचा खाद्यपालट बहुधा आधीच झालेला असतो. भारतात घोडामासा २००१ मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत घेतला गेला; त्याला पकडणे व विकणे गुन्हा आहे.