तळटीप : ‘शस्त्रसंधी’
१. लढणाऱ्या पक्षांनी परस्परसंमतीने, ठरावीक मुदतीपुरती किंवा पुढील वाटाघाटी होईपर्यंत, लढाई थांबवण्याच्या कराराला ‘शस्त्रसंधी’ म्हणतात. तीत मुलूख, खंडणी व हक्क यांचा कायमचा निवाडा होत नाही, तो ‘तहा’त होतो, जसा पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाची अखेर करणाऱ्या १७८२ च्या सालबाईच्या तहात झाला. याउलट, २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे झालेल्या कोरियन शस्त्रसंधीने लढाई थांबली आणि दोन्ही सैन्यांमध्ये सुमारे ४ किलोमीटर रुंदीचा निर्लष्करी पट्टा आखला गेला. परंतु दक्षिण कोरियाने तिच्यावर सही केली नाही आणि पुढे शांतता तहही न झाल्यामुळे ते युद्ध कायद्याच्या दृष्टीने संपलेले नाही. प्रस्तुत ग्रंथात हे दोन शब्द याच भेदाने वापरले आहेत. — संपादक