घराचा वाटा

ग्रीस देशात नवे घर बांधून पूर्ण झाले म्हणजे धर्मगुरूंना बोलावले जाते. ते पाण्याच्या पात्रावर प्रार्थना म्हणतात, ज्या रोपाचे बी आपण सब्जा म्हणून सरबतात घालतो त्या रोपाची जुडी त्या पाण्यात बुडवतात आणि खोल्याखोल्यांतून पवित्र जल शिंपडत जातात. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांस हे दृश्य परके वाटणार नाही. त्यापुढील रीत मात्र आपल्याकडे नाही. त्या घरात पहिला नववर्षदिन उजाडतो तेव्हा गृहिणीने एक मोठा, गोल, गोड पाव भाजलेला असतो. त्यात एक नाणे दडवलेले असते, आणि त्या पावाचा एक तुकडा कोणा माणसासाठी नव्हे, तर खुद्द घरासाठी कापला जातो. या पावाचे नाव वासिलोपिता. नावातील 'पिता' या अक्षरांनी वाचकांनी फसू नये. ग्रीक भाषेत पीठ भाजून केलेल्या चपट्या, गोल पदार्थाला पिता म्हणतात. वासिलोपिता म्हणजे संत बेसिल यांचा पाव.

संत बेसिल हे आपलेही आचार्य. पूर्वेकडील ख्रिस्तसभेत त्यांचा सण १ जानेवारीस येतो, आपल्या पंचांगात २ जानेवारीस. त्यांचा जन्म सुमारे ३३० साली कप्पदुकिया प्रांतात झाला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या लोकांची यादी आहे, तीत हा प्रांत आपण ऐकलेला असतो. त्याचे मुख्य नगर कैसरिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी. सुमारे ३६९ साली तेथे भयंकर दुष्काळ पडला. बेसिल तेव्हा धर्मगुरू होते. कोठारे बंद करून भाव चढण्याची वाट पाहणाऱ्या धनिकांवर त्यांनी प्रवचनांतून जे कोरडे ओढले ते आजही वाचवत नाहीत, इतके ते झोंबतात. ज्याच्या घरी पाव पडून आहे तो उपाशी माणसाचाच पाव दाबून बसला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ते नुसते बोलून थांबले नाहीत. त्यांचे जिवलग मित्र संत ग्रेगरी यांनी त्यांच्या स्मरणार्थ केलेल्या भाषणात, भुकेल्यांना एकत्र जमवून बेसिल यांनी त्यांच्यापुढे कढणाच्या कढया कशा मांडल्या, याचे वर्णन आहे. ३७० साली ते कैसरियाचे बिशप झाले आणि त्यांनी नगराबाहेर आजारी, कुष्ठरोगी व वाटसरू यांच्यासाठी एक वसाहतच उभी केली. ३७९ च्या आरंभी त्यांचे निधन झाले.

पावात नाणे कसे आले, याविषयी लोकांत एक कथा आहे. तिचे पाठ अनेक आहेत, सार असे. एका क्रूर अधिकाऱ्याने नगराकडे जबर कर मागितला. बिशपांच्या सांगण्यावरून लोकांनी आपले दागिने, नाणी, जे काही होते ते आणून दिले. पण संकट टळले आणि ते धन बेसिल यांच्याकडेच राहिले. कोणाचे काय होते हे आता कोणास ठाऊक? त्यांनी ते सोनेनाणे लहान लहान पावांत घालून पाव भाजवले आणि घरोघर वाटले. ज्याने त्याने आपला पाव मोडला तो आत ज्याचे त्याला सापडले!

ही कथा इतिहास नव्हे, हे आम्हांस मान्य आहे. बेसिल यांच्या समकालीनांनी असे काही लिहिलेले नाही. खाद्यात दाणा किंवा नाणे लपवून वर्षाचे भाग्य पाहण्याची चाल रोमन सणांपर्यंत मागे नेतात, आणि फ्रान्समध्ये तीन राजांच्या सणाला दाणा घातलेला केक आजही कापतात. तरीही लोकांनी हे भाग्याचे नाणे नेमके याच संताच्या हाती दिले, यात त्यांची पारख दिसते. पाव ज्याचा त्याला परत करा, असे आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाला दुसरी कोणती कथा शोभली असती?

या कथेची कसोटी मात्र सोळा शतकांनी लागली. १९२२ च्या सप्टेंबरात तुर्की सैन्य स्मर्ना शहरात शिरले व शहराचा मोठा भाग जळाला. ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे ग्रीस व तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार केला. कोण कोठे जाणार हे भाषेवर नव्हे, धर्मावर ठरले. कप्पदुकियातील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांची घरची भाषा तुर्की होती. ती ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ग्रीसला पाठवण्यात आले. उलट क्रीट बेटावरील ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात गेले. १९२८ च्या ग्रीक जनगणनेत बारा लाखांहून अधिक निर्वासित मोजले गेले. साडेतीन लाखांवर मुसलमान दुसऱ्या दिशेने गेले होते. अशा रीतीने संत बेसिल यांच्या स्वतःच्या भूमीतून त्यांचा सण पाळणारी माणसे नाहीशी झाली.

ती आली ती देव्हाऱ्यातील प्रतिमा आणि गावांची नावे घेऊन. अथेन्सच्या कडेला तंबू व फळ्यांच्या खोपटांतून कैसरियानी ही वस्ती वाढली. तिचे नाव मात्र जवळच्या जुन्या मठावरून पडले. नेआ स्मिर्नी म्हणजे नवे स्मर्ना. उत्तरेस कावाला शहराजवळ नेआ कारवाली आहे. तेथील लोकांनी कप्पदुकियातील आपल्या गावातून संत ग्रेगरींचे पवित्र अवशेष सोबत आणले आणि नव्या मंदिरात ठेवले. दोन मित्रांपैकी एकाचा पाव आणि दुसऱ्याच्या अस्थी, असा हा प्रवास झाला.

नाणी मात्र परत मिळाली नाहीत. निर्वासितांना वाटत होते की मागे राहिलेली घरे, शेते, दुकाने यांचा हिशेब कधीतरी होईल. १० जून १९३० रोजी अंकारा येथे दोन्ही सरकारांनी परस्परांचे दावे वळते करून टाकले. जी मालमत्ता जेथे होती ती तेथील राज्याची झाली. शेजाऱ्यांतील वैर मिटावे म्हणून हे झाले, आणि त्यात शहाणपण नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याचे घर गेले त्याच्या डोळ्यांनी पाहिले तर बेसिल यांच्या पावाची कथा अगदी उलटी झाली: सगळ्यांचे गोळा केले आणि कोणालाच काही परत दिले नाही.

तरी पाव भाजला जात राहिला, आणि त्याच्या चवीवरून घराणे कोठले हे ओळखता येऊ लागले. स्मर्नाकडची वासिलोपिता घट्ट, जाडजूड बिस्किटासारखी. कॉन्स्टँटिनोपलची मऊ, खमिराने फुगवलेली. तेथील ग्रीकांना १९२३ च्या करारातून सूट होती. पण १९५५ च्या दंगली आणि १९६४ ची हकालपट्टी यांनंतर त्यांच्यापैकीही बहुतेकांनी अथेन्सची वाट धरली. या मऊ पावाची कृती सावकाशीची आहे. कोमट दुधात खमीर भिजवायचे, त्यात मैदा, अंडी, साखर, लोणी घालून पीठ मळायचे आणि ऊबदार जागी झाकून ठेवायचे. वासासाठी एका रानचेरीच्या बियांतील गर कुटून घालतात, आणि खिओस बेटावरील झाडाचा सुकलेला डिंकही. हा डिंक आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी म्हणून मिळतो. तो चिकट असल्याने थोड्या साखरेबरोबर खलावा लागतो. पीठ फुगले की गोल आकार देऊन पुन्हा फुगू देतात, वरून अंडे फासतात, तीळ पेरतात आणि सोललेल्या बदामांनी नव्या वर्षाचा आकडा मांडतात. नाणे स्वच्छ धुऊन, गुंडाळून आत सरकवतात.

कापण्याचा मान घरातील कर्त्या माणसाचा. तो सुरीने पावावर क्रूसाची खूण करतो. पहिला तुकडा प्रभू ख्रिस्ताचा, दुसरा पवित्र मातेचा, तिसरा संत बेसिल यांचा. मग घराचा. पुष्कळ कुटुंबांत त्यानंतर गरिबाचा. त्यापुढे थोरापासून धाकट्यापर्यंत एकेकाचे नाव घेतले जाते. परगावी असलेल्यांचाही वाटा निघतो. १९२४ च्या सुमारास कैसरियानीच्या फळ्यांच्या खोपटात एखाद्या वृद्धाने "हा घराचा" असे म्हटले असेल, तेव्हा त्याच्या मनात कोणते घर असेल, मागचे की हे, असा विचार आमच्या मनात अनेकदा येतो. रीत त्याला विचारीत नाही. ज्या छपराखाली सुरी चालते, तेच घर ती धरून चालते. आणि नाणे घराच्या तुकड्यात निघाले, तर त्या वर्षाचे भाग्य तेथे राहणाऱ्या साऱ्यांचे मानतात.