सी भाषा आणि नाहींशी झालेली चौकी

संगणकाला मनुष्यानें लिहिलेला प्रोग्राम जसाच्या तसा कळत नाहीं. तो यंत्राच्या आज्ञांत उतरविण्याचें काम कंपायलर नांवाचा दुसरा एक प्रोग्राम करितो. या दुभाष्यानें मूळ मजकुरांतील एक पहारा भाषेच्या नियमाला धरूनच गाळावा आणि शत्रूला दार मोकळें व्हावें, असा प्रकार २००९ सालीं उघडकीस आला. त्याचें बीज मात्र बरेंच जुनें होतें.

न्यू जर्सी संस्थानांतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७१ ते १९७३ च्या सुमारास सी भाषा घडविली. केन थॉम्प्सन यांची बी ही तिची जननी. भाषा, कंपायलर आणि प्रोग्राम लिहिणारे हे त्या वेळीं एकाच वाड्यांतील बिऱ्हाडांसारखे होते. अडलें तर रिचींनाच विचारतां येई. त्या घरगुती काळाची एक खूण भाषेंत राहून गेली आहे. बी भाषेंत एकच चिन्ह दोन कामें करी: संख्येंतील ठराविक अंक निवडणें आणि दोन अटी जोडणें. सी भाषेंत अटी जोडण्यास निराळें चिन्ह आलें, पण जुन्या चिन्हाचा अग्रक्रम होता तसाच ठेवला गेला. परिणाम असा कीं, ‘अंक निवडून मग तुलना कर’ हें लिहिणाराच्या मनांत असतें, आणि कंपायलर तुलना आधीं उरकून निवड मागाहून करितो. कंस घातल्यावांचून गत्यंतर नाहीं. हा क्रम तेव्हांच बदलला असता तर बरें झालें असतें, असें रिचींनीं १९९३ सालीं लिहिलें.

ही खोड निदान डोळ्यांना दिसते. पुढची दिसत नाहीं. सी भाषा नाना तऱ्हेच्या यंत्रांवर पसरली, तेव्हां एकच चूक ठिकठिकाणीं निराळें फळ देऊं लागली. पॉइंटर म्हणजे स्मृतींतील जागेचा पत्ता; तो शून्य असल्यास त्या पत्त्यावर कांहींच नाहीं असें समजावयाचें. तरीहि कोणी तेथें वाचूं गेला, तर एका यंत्रावर प्रोग्राम तात्काळ कोसळे, आणि व्हॅक्स यंत्रावरील बर्कलेच्या युनिक्समध्यें तोच बिनबोभाट पुढें चाले. १९८३ सालीं नेमलेल्या अमेरिकन समितीनें १९८९ चें प्रमाण ठरवितांना अशा प्रसंगीं काय व्हावें याचें कसलेंच बंधन घातलें नाहीं. कोणत्याहि यंत्रावर अन्याय नको, हा हेतु रास्तच होता.

पण कंपायलर पुढें चतुर झाले. ‘नियम येथें मौन धरतो, अर्थात् लिहिणारा असें कधीं करणारच नाहीं,’ असें अनुमान ते काढूं लागले. लिनक्सच्या कर्नलमध्यें आभासी जालसाधनाचा एक भाग होता. त्यांत आधीं पॉइंटरच्या पत्त्यावरील वस्तु उचलली जाई, आणि मग तो शून्य तर नाहीं ना, हें विचारलें जाई. वरातीमागून घोडें म्हणतात तें हेंच. जीसीसी या कंपायलरनें हिशेब केला: वस्तु उचलली, त्याअर्थीं पत्ता शून्य नव्हता, मग चौकशी कशाला? ती त्यानें गाळली. एरवीं शून्य पत्त्याशीं गांठ पडतांच यंत्र अडतें. परंतु हल्लेखोरानें तेथें आपलेंच स्मृतीचें पान युक्तीनें आणून ठेवलें, तर कर्नल तें खरें मानून पूर्ण अधिकारानें पुढें जाई. जुलै २००९ मध्यें ब्रॅड स्पेंग्लर यांनीं तें करून दाखविलें.

शोध घेणाराची खरी पंचाईत येथेंच होती. मूळ मजकूर कितीहि वेळां वाचला तरी चौकी जागच्या जागीं. ती नाहींशी झाल्याचें केवळ यंत्राच्या आज्ञा उलगडल्यावरच दिसे. ‘ध’चा ‘मा’ करणारा कोणी तरी असावा लागतो; येथें अक्षर कोणीच बदललें नव्हतें. चूक प्रथम लिहिणाराची, हें खरें. तथापि यंत्रांच्या सोयीसाठीं सोडलेली मोकळीक कंपायलरनें वचन म्हणून वसूल करावी, ही कर्नल लिहिणारांची तक्रारहि निराधार म्हणवत नाहीं.

ओळींचा क्रम सुधारला गेला, आणि अशा चौकशा गाळूं नयेत अशी सूचना कर्नल बांधतांना जीसीसीला देण्यास त्याच महिन्यांत प्रारंभ झाला. २०१४ सालच्या जीसीसी ४.९ मध्यें नियमबाह्य कृत्य चालत्या प्रोग्राममध्येंच पकडून सांगण्याची सोय झाली. प्रोग्राम ज्या वाटेनें चाललाच नाहीं, त्या वाटेवरचा दोष मात्र तिलाहि सांपडत नाहीं.